तीन बोटांचा गैरप्रकार

कुडवा, गोंदिया
सोमवार, ११ मार्च २०१९

आदरणीय भाऊजी,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा, खुशालचा, सविनय जयभीम. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. जिना चढताना गुडघा अजून कुरकुरतो हे वाचून वाईट वाटलं, आणि तुमच्या घराला जिनाच नाही हे आठवून थोडं बरंही वाटलं. देवरीची हायवेची धूळ, मोहफुलांचा वास आणि तुमचा सकाळचा फेरफटका हे तिन्ही व्यवस्थित चालू असतील असं समजतो. ताईची तब्येत कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. (तुम्ही कधीच लिहीत नाही. तुमच्या पत्रात तुमच्या गुडघ्याला एक परिच्छेद मिळतो आणि माझ्या बहिणीला "बाकी सर्व ठीक" एवढ्यातली जागा.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे. पण मी रोज सकाळी पंचशील म्हणतो आणि त्यातलं चौथं शील खोटं बोलू नये असं सांगतं, म्हणून लिहितो की घरचे मजेत आहेत, मी नाही.

तुम्ही विचारलंत की तुमचा पुतण्या रत्नपाल एम.ए., बी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसला आहे, तर त्याने माझ्या क्षेत्रात यावं का. सोबत जाहिरातीचं कात्रणही पाठवलंत, "ऑनलाइन उच्च शिक्षणात शैक्षणिक नेतृत्व, उज्ज्वल भवितव्य". कात्रणातला टाय घातलेला माणूस हसतो आहे. भाऊजी, मी तीन वर्षं या क्षेत्रात आहे आणि तसा हसणारा माणूस अजून पाहिलेला नाही. (अर्थात आमच्यात कुणी कुणाला पाहतच नाही, तेव्हा असेलही कुठेतरी.) मी सविस्तर उत्तर देतो, पण आधीच सांगतो की या आठवड्यात माझं चित्त थाऱ्यावर नाही. माझ्याकडे एक विद्यार्थिनी आहे, तुमच्याच तालुक्यातली, वयाने माझ्याहून मोठी. बी.ए.चा तिचा एकच पेपर उरला आहे. तो येत्या रविवारी आहे, आणि त्यानंतर हा अभ्यासक्रम विद्यापीठ बंद करतं आहे. म्हणजे रविवार हुकला की तीन वर्षांचं सगळं पाण्यात. मागच्या महिन्यात हा पेपर एकदा हुकलाच आहे, आणि तो कसा हुकला हे सांगितल्याशिवाय रत्नपालला या नोकरीची कल्पना येणार नाही. तेव्हा पत्र लांबेल. चष्मा लावून वाचा.

मी पूर्वी काय करत होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. इतिहास शिकवत होतो, तोही तासिका तत्त्वावर (म्हणजे तास असेल तर मास्तर, नसेल तर पाहुणा), पण समोर माणसं असायची. मागच्या बाकावरचा पोरगा जांभई द्यायचा आणि मला कळायचं की सम्राट अशोकाला आता कलिंगातून बाहेर काढलं पाहिजे. आता एका ऑनलाइन विद्यापीठात माझं पद आहे प्रादेशिक शैक्षणिक प्रमुख. कचेरी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर आहे, त्यामुळे माझ्या सगळ्या बैठकांना तांब्याच्या तारेचा जळका वास असतो, जो सुदैवाने नोएडापर्यंत पोचत नाही. मुख्य कचेरी नोएडाला आहे. प्राध्यापक जयपूर, गुवाहाटी, कोइंबतूर अशा गावी आहेत. मी त्यांचं नेतृत्व करतो. त्यातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तीन वर्षांत एकदाही कॅमेरा सुरू केलेला नाही. त्यांच्या जागी पडद्यावर गुलाबाचं फूल दिसतं. मागच्या वर्षी अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न केल्याबद्दल मी त्या फुलाला कडक शब्दांत समज दिली, आणि नंतर दिवसभर मला अपराधी वाटत राहिलं. फुलाशी असं कुणी बोलतं का?

विहारात एका आजीने मला विचारलं, "तुयं कॉलेज कुठी आहे बापू?" मी म्हणालो, आजी, कचेरी नोएडाला, मास्तर देशभर, विद्यार्थी गावोगावी, आणि शिकवणं सगळं इंटरनेटवर. आजीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू दे, लागल कुठंतरी काम." भाऊजी, माझ्या पदाचं याहून नेमकं वर्णन मला नोएडाहूनही कुणी करून दिलेलं नाही.

माझी व्याख्यानं रेकॉर्ड करून ठेवलेली आहेत. तुम्हाला माझं बोलणं माहीत आहे. आपल्या गावच्या शाळेत गुरुजी एक वाक्य सांगायचे आणि पाटीवर लिहून होईपर्यंत थांबायचे, ती चाल माझ्या जिभेतून गेलेली नाही. विद्यार्थी मला दुप्पट वेगाने ऐकतात. यंत्रात तशी सोय आहे. त्याचा परिणाम असा की गंज बाजारात विद्यार्थी भेटतात, मी चार वाक्यं बोलतो आणि ते घाबरतात. एकाने तर माझा हात धरून विचारलं, "सर, तब्येत बरी नाही का? किती हळू बोलून राहिले!" त्याने मला रिक्षात बसवून दिलं. माझी गाडी तिथेच उभी होती, पण त्याच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून मला उतरता येईना. सगळं काही अनित्य आहे हे मी लहानपणापासून ऐकतो, पण ते कळलं ते नेटवर्कच्या रेघांमुळे. चार असतात, तीन होतात, एक उरते, आणि मग मी अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून थिजतो. पुढची दहा मिनिटं शंभर घरांत माझं ते ध्यान दिसत राहतं. माणसाने अहंकार सोडावा म्हणून इतकी खर्चिक यंत्रणा पूर्वी कुणी उभारली नव्हती.

हे झालं रोजचं. आता प्रसंगांकडे येतो. पहिला प्रसंग तुमच्याच गावचा, देवरीच्या अभ्यासकेंद्राच्या उद्घाटनाचा. तुम्ही अध्यक्ष होतात, तेव्हा नव्याने सांगायला नको. पण नोएडाकडून तो कसा दिसला हे मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. आमचे माथुर साहेब, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी आहे, ते नोएडाहून पडद्यावर येणार होते आणि उद्घाटनाचं पहिलं व्याख्यान देणार होते. आपल्या जिल्ह्यात सत्कार झाल्याशिवाय पाहुणा तोंड उघडू शकत नाही. मोनालीने (ही आमच्या केंद्राची तांत्रिक बाजू सांभाळते, तिशीची आहे, तोंडाने तिखट, गोंदियाच्या बाजारात वाढलेली असल्यामुळे अर्धं हिंदी बोलते) सांगितलं होतं की साहेबांचा सत्कार शब्दांनीच करायचा. पण झेंडूचा हार आणलेला होता. आणलेला हार परत नेणं आपल्यात बसत नाही. तेव्हा अध्यक्ष उठले आणि त्यांनी तो हार पडद्याला घातला. (अध्यक्षांचं नाव मी घेत नाही.) पडद्यावर जिथे हार अडकला, बरोबर तिथेच कॅमेरा होता. माथुर साहेबांना पुढचा सगळा कार्यक्रम पिवळाधमक दिसला. ते सज्जन आहेत. ते "बहुत सुंदर, बहुत सुंदर" म्हणत राहिले. हार काढावा असं सुचवायला मोनाली उठली, तर तुमच्या मंडळींनी पाहुण्यांच्या गळ्यातला हार आपण कसा काढायचा म्हणून तिला खाली बसवलं. मग अध्यक्षीय भाषण झालं. त्यात अध्यक्ष म्हणाले की इंटरनेटवरची पदवी म्हणजे फोटोतलं जेवण, दिसतं छान, पण पोट भरत नाही. लोक हसले, टाळ्या पडल्या. भाऊजी, ते वाक्य फार लांबवर गेलं. त्या दिवशी नाव नोंदवायला आलेल्या कितीतरी बायका मागच्या मागे निघून गेल्या, आणि ज्यांनी नाव नोंदवलं त्यांच्यातल्या एकीने घरी सांगायचं नाही असं ठरवून नोंदवलं. मी ज्या विद्यार्थिनीबद्दल सांगतो आहे ती हीच.

या बाईंनी तीन वर्षं घरच्यांना पत्ता लागू दिला नाही. पोळ्या लाटताना कानात तार घालून व्याख्यानं ऐकली. घरच्यांना वाटलं, भीमगीतं ऐकते. मुलीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर रविवारी बसून अभ्यास केला. घरच्यांना वाटलं, मायलेकी बोलत बसल्या आहेत. मुद्दाम खोटं त्या बोलल्या नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नाही. भाऊजी, मी चिंतन करणारा माणूस आहे, आणि या गोष्टीवर मी बरंच चिंतन केलं आहे: एका घरात एक माणूस तीन वर्षं बी.ए. करतो आणि दुसऱ्या माणसाला ते कळत नाही, याला लपवण्याचं कौशल्य म्हणायचं की न पाहण्याचं?

आता परीक्षा. आमच्याकडे परीक्षा घरी बसून होते आणि वर्गात गुरुजी फिरावेत तसा कॅमेरा पहारा देतो. नियम असा की चौकटीत परीक्षार्थीचा एकच चेहरा दिसला पाहिजे. दुसरा दिसला की यंत्र लाल होतं. नोएडाच्या लोकांना वाटलं, यात काय अडचण? आणि पहिल्याच सराव परीक्षेत आमच्या जिल्ह्यातली निम्मी घरं लाल झाली. नोएडाहून माथुर साहेबांचा फोन आला की खुशाल जी, आपके यहाँ हर कमरे में दो-दो, तीन-तीन लोग क्यों बैठे हैं? मी मोनालीला तपासायला सांगितलं. ती पडद्यात डोकं घालून बसली आणि मग खो खो हसायला लागली. ते लोक नव्हते, फोटो होते. आपल्या प्रत्येक घरात बैठकीच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब असतातच, आणि यंत्र त्यांचे चेहरे मोजत होतं. जंगलाकडच्या घरांत शंकर-पार्वतीचं कॅलेंडर असतं, तिथे तर मांडीवरचा गणपती धरून तिघं. नंदीचं मात्र यंत्राला नीट ठरवता येत नव्हतं. कधी तो विद्यार्थी असे, कधी नसे.

नोएडाचा हुकूम आला की भिंतीवरचे फोटो उतरवा किंवा झाका. भाऊजी, मी गरीब स्वभावाचा आहे. आजवर वरिष्ठांना नाही म्हटलेलं नाही. पण सकाळी ज्या फोटोपुढे हात जोडतो त्यावर परीक्षेसाठी चादर टाका असं मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि ज्यांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं त्यांनाच परीक्षेच्या खोलीबाहेर काढायचं? मी रात्रभर नाही, पण चांगला अर्धा दिवस विचार केला आणि मार्ग काढला. फोटो उतरवायचे नाहीत. खुर्ची फिरवायची. फोटोंकडे तोंड करून बसायचं, म्हणजे ते परीक्षार्थीला दिसतील आणि यंत्राला दिसणार नाहीत. साहेबांनी मान्य केलं. माझ्या तीन वर्षांच्या नेतृत्वातला हा एकमेव स्वतंत्र निर्णय, आणि मला त्याचा अभिमान वाटला. कसा अंगलट आला ते पाहा. आपल्या बैठकीत फोटो दाराच्या समोरच्या भिंतीवर असतात. फोटोंकडे तोंड केलं की पाठीमागे काय येतं? दार.

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी आमच्या बाई शेवटचा पेपर द्यायला बसल्या. विषय इतिहास. समोर फोटो, पाठीशी दार, दार लोटलेलं. अर्धा पेपर सुरळीत झाला. तेवढ्यात दार उघडलं आणि बनियन घातलेला एक इसम आत आला. हे मी रेकॉर्डिंगवरून लिहितो आहे, आणि ते मी चौकशीपूर्वी इतक्यांदा पाहिलं आहे की डाव्या खांद्यावरचं बनियनचं भोकसुद्धा मला पाठ झालं आहे. डोकं ओलं, नुकतीच अंघोळ झालेली, डोळ्यावर चष्मा नाही. या इसमाने परीक्षार्थीच्या खांद्यावरून वाकून कॅमेऱ्यात तोंड घातलं. संपूर्ण चौकट भरून तोंड. मग तो हसला, हात हलवला आणि मुलीचं नाव घेऊन (नाव मी गाळतो, गोपनीयतेचा नियम आहे) मोठ्याने म्हणाला, "काऊन वं माय, किती वाळली तू! जेवत नाही का?" पडद्याच्या कोपऱ्यात परीक्षार्थीचं स्वतःचंच छोटं चित्र दिसत असतं. चष्म्याशिवाय त्याला ती आपली मुलगी वाटली असणार. उत्तर आलं नाही, पण त्याची त्याला सवय असावी. त्याने बाईंच्या तोंडापुढे तीन बोटं धरली, बाहेरच्या दिशेने मान हलवली आणि निघून गेला. दार उघडंच ठेवून.

इथवर झालं ते कदाचित निस्तरलं असतं. चुकून आत आलेल्या माणसाला यंत्र इशारा देऊन सोडतं. पुढे जे झालं त्याला सुटका नव्हती. बाई क्षणभर पडद्याकडे पाहत राहिल्या. मग समोर, फोटोंकडे पाहिलं. पदर खोचला. आणि उठून गेल्या. खुर्ची रिकामी. उघड्या दारातून अंगणातल्या लिंबाखाली दोन पाहुणे आणि बनियन असे तिघे बसलेले दिसतात, त्यांच्या हसण्याचा आवाज येतो, आणि पुढे खुर्ची रिकामी. बऱ्याच वेळाने बाई पदराला हात पुसत परत आल्या, बसल्या, आणि माऊसवर हात ठेवला, तोवर यंत्राने पेपर बंद करून टाकला होता. त्या बंद पडद्यापुढे तशाच बसून राहिल्या. तेवढाच भाग मी एकदाच पाहिला.

चौकशी समिती गेल्या आठवड्यात बसली. नोएडाचे तिघे, माथुर साहेब धरून, आणि या बाजूला मी आणि मोनाली. विषय, गैरप्रकार: परीक्षार्थीस अज्ञात इसमाने बोटांच्या खुणेने उत्तर सांगणे. तीन बोटं म्हणजे तिसरा पर्याय, असा त्यांचा संशय. एका सदस्यबाईंनी तर इसम आधी हसला त्यालाही काही अर्थ असावा असं सुचवलं. माथुर साहेबांनी चित्र थांबवलं, बरोबर तोंड वासलेलं, आणि मला विचारलं, "खुशाल जी, इस आदमी को आप जानते हैं?" भाऊजी, ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलून कुणाचं तरी भलं करायची संधी मिळते, त्याला चौथं शील किती मोठ्याने ऐकू येतं ते मी त्या दिवशी अनुभवलं. मी खरं ते सांगितलं. ते ऐकून त्यांनी मला समितीतून तात्पुरतं बाहेर काढलं आणि यंत्राच्या प्रतीक्षा कक्षात बसवलं, म्हणजे मी माझ्याच खुर्चीत, माझ्याच टेबलाशी, "कृपया थांबा" असं लिहिलेल्या पडद्याकडे पाहत बसलो. मोनाली माझ्या शेजारीच होती. ती समितीत होती आणि मी बाहेर होतो. तिचा कोपर मला लागत होता.

त्यामुळे पुढचं मी फक्त एका बाजूने ऐकलं. मोनाली सांगत होती, "नहीं सर, कॉपी नहीं है. तीन मतलब तीन कप. चाय. हाँ सर, चाय." मग ती थांबली. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "सर, पाहुणे आले होते ना. मेहमान." पुन्हा थांबली. "हाँ सर, पेपर छोड़के." मग मोनालीने खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. शेवटी ती जरा चढ्या आवाजात म्हणाली, "सर, आपके घर में मेहमान आए और चाय माँगी, तो कौन उठता है?" मी तिला कोपराने ढोसलं. तिने मला उलट ढोसलं. ती नंतर सांगत होती की तिकडची ती सदस्यबाई, जिला हसण्याचा संशय आला होता ती, यानंतर एकदम बाईंच्या बाजूची झाली. तिनेच मग शोधून काढलं की त्या क्षणी पडद्यावर जो प्रश्न होता त्याचं बरोबर उत्तर दुसरं होतं. बाईंनी ते इसम आत येण्याआधीच नोंदवलं होतं. म्हणजे तीन बोटांचा काही उपयोग झाला असता तर तो नुकसानीचाच झाला असता. समितीने तसं लिहूनही ठेवलं: सदर इसमाकडून परीक्षार्थीस कोणतीही मदत झाल्याचे आढळत नाही.

फेरपरीक्षा द्यायची, पण कोणत्या कारणाखाली? यंत्रात ठरलेली कारणं आहेत. आजारपण, वीज जाणे, निकटच्या नातेवाइकाचं निधन, नैसर्गिक आपत्ती. पाहुणे येणे हे कारण नाही, आणि माथुर साहेबांना खोटं लिहवेना. बराच खल होऊन त्यांनी नैसर्गिक आपत्ती निवडलं. (मी प्रतीक्षा कक्षात होतो, माझं शील शाबूत आहे.) येत्या रविवारी, सतरा तारखेला, सकाळी दहा ते एक. आणि पुन्हा चौकटीत दुसरं तोंड आलं किंवा खुर्ची रिकामी झाली, तर मग काहीही ऐकलं जाणार नाही.

तर भाऊजी, असं हे क्षेत्र. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, रत्नपालला इकडे अजिबात पाठवू नका. इथे फुलांना रागवावं लागतं, देवादिकांची गणती करावी लागते, आणि आपल्याच खुर्चीत बसून बाहेर थांबावं लागतं. नेतृत्व म्हणतात ते यात कुठे आहे, मला सापडलेलं नाही. त्याला सांगा, गावच्या शाळेत तासिका मिळत असेल तर ती घे. समोर जांभई देणारा पोरगा असणं हे फार मोठं सुख आहे. ते गेल्यावर कळतं.

पत्र इथेच थांबवतो. ताईला जयभीम, गुडघ्याला तेल, आणि सर्वांचं मंगल होवो.

तुमचा,
खुशाल

ताजा कलम: तुम्ही इतिहास तीस वर्षं शिकवला आहे, पुराव्यावरून माणूस ओळखायला तुम्हाला मी सांगायला नको. इथवर येईपर्यंत तुम्ही डाव्या खांद्यावर हात फिरवून पाहिला असेल. ती रीना नव्हती, भाऊजी. रीना त्या वेळी पुण्याला झोपलेली होती. कोपऱ्यातल्या चौकटीत ताई होती, आणि वाळली आहे ती तीच. तुम्हाला ते दिसलं, एवढ्यासाठी मी तुमचे बाकीचे गुन्हे माफ केले आहेत. समितीला मी जे खरं सांगितलं ते असं: हे माझे भाऊजी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, आणि हे कॉपी कधीच करू देणार नाहीत, आपल्या बायकोला तर मुळीच नाही. विद्यापीठाच्या दप्तरी आता तुमची नोंद नैसर्गिक आपत्ती अशी आहे. मनाला लावून घेऊ नका.

दुसरा ता. क.: ताईने मला सांगायची मनाई केली होती. निकाल लागल्यावर स्वतः सांगणार होती. तुम्हाला कळलं आहे हे तिला कळू देऊ नका. खोटं बोला असं मी म्हणत नाही, तुम्हीही पंचशील घेता. नुसतं विचारू नका. तुम्हाला ते जमतं, तीन वर्षं जमलंच आहे. फोन न करता पत्र लिहिलं याचं कारणही हेच: तुम्ही फोन लाऊडस्पीकरवर ठेवता. आणि पाहुण्यांचं मी पाहिलं आहे. जयंती मंडळाच्या दोघांनाही निरोप गेला आहे की रविवारची बैठक कुडव्याला माझ्या घरी.

तिसरा ता. क.: तुमच्या दारावरच्या पाटीवर तुमचं नाव, एम.ए., बी.एड., सेवानिवृत्त मुख्याध्यापक एवढं लिहून खाली एक ओळ मावेल इतकी जागा मोकळी आहे. पेंटरने ती काऊन सोडली असं तुम्ही दरवर्षी रंग देताना विचारता.

शेवटचा ता. क.: रत्नपालबद्दल वर लिहिलेलं खोडून वाचा. मला खरोखर एका हाताची गरज आहे, आणि माथुर साहेबांनी विचारलंही आहे. त्यालाही रविवारी सोबत घेऊन या. सकाळच्या पहिल्या बसने निघा, म्हणजे दहाच्या आत पोचाल. दुपारी एकनंतरच परत जायचं. सदरा घालून या. आणि निघताना दार बाहेरून ओढून घ्या. चहा मी ठेवतो. बोटं दाखवायची गरज नाही.